ती पाठ आणि तो पाठ

मराठीत ‘पाठ’ हा शब्द दोन लिंगांत नांदतो. तो पाठ म्हणजे धडा, आणि ती पाठ म्हणजे जन्मभर आपल्याबरोबर असूनही आपल्याला कधी न दिसणारी! त्या पहिल्याशी माझा २२ वर्षांचा घरोबा. कॉलेजात मराठी शिकवते ना! पाठ थोपटणे, पाठ फिरवणे, पाठ दाखवणे, पाठीशी घालणे या साऱ्यांचा वाक्यांत उपयोग मी फळ्यावर किती वेळा करून दाखवला असेल, त्याची गणती नाही. परंतु प्रत्यक्ष पाठीचा उपयोग कसा करावा, हे मात्र वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत मला कुणी सांगितले नव्हते. आणि खरे सांगायचे तर, मीही कुणाला विचारले नव्हते.

दर आठवड्याला या पानावर मी आपल्याशी शब्दांच्या गप्पा मारते. आज दिवाळीचा अंक; तेव्हा शब्द थोडे बाजूला ठेवून हाडामांसाची गोष्ट सांगते.

गोष्टीचा आरंभ झाला जानेवारीत. संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता, आणि माझ्या रक्ताच्या तपासणीचा कागद हातात आला. त्यात ‘एचबीएवनसी’ नावाचा एक आकडा असतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरीने किती राहिली, हे तो चहाडखोरासारखा सांगतो. तो ५.७ च्या खाली असावा, ६.५ पासून पुढे मधुमेह. माझा आला ६.१.

“उंबरठ्यावर उभ्या आहात,” डॉक्टर म्हणाले. “आत जायचं की मागं फिरायचं, ते तुम्ही ठरवा.”

मागे फिरण्याचा रस्ताही त्यांनीच सांगितला. आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा त्या तोडीची हालचाल, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसांसाठी सांगितलेले माप ते हेच. चालण्याचे मला पटले. स्नायूंचे ऐकून मात्र हसू आले. “डॉक्टर, माझं वय आता पहिलवानकी शिकायचं का?”

“तेच तर!” ते म्हणाले. “वय वाढतं तसे स्नायू झिजतात. जेवणातून आलेली साखर उचलणारं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. गिऱ्हाईकच कमी होत गेलं, तर माल पडून राहणार नाही का?”

दुकानदारीच्या भाषेत सांगितलेले वैद्यक मला फार लवकर कळते. मी मान डोलावली आणि घरी आले.

घरी त्या रात्री सभा भरली. आमच्या घरात कोणत्याही प्रश्नावर तीन माणसांची चार मते असतात. हे म्हणाले, “तलावपाळीला चार फेऱ्या मार. ठाण्यात राहून तलाव फुकट मिळालाय, त्याचा उपयोग कर.” हे बँकेत आहेत, फुकट हा शब्द ते फार प्रेमाने उच्चारतात. कन्या म्हणाली, “आई, मोबाइलवर सगळे व्हिडिओ असतात. बघायचं आणि करायचं.” आणि मीठ मागायला आलेल्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “छे हो! एक पर्सनल ट्रेनर लावून टाका. मी लावलाय. महिन्याला बारा तास, साडेसात हजार.”

ह्यांनी तिथल्या तिथे भागाकार केला. “म्हणजे तासाला ६२५ रुपये! घाम आपला, आणि पैसे त्याला?”

मीही त्या दिवशी ह्यांच्या बाजूने होते. (अशी संधी संसारात वारंवार येत नाही.) आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण मंडळींना हा दर ऐकवू नये, हे एक कारण झाले. पण त्याहून मोठे कारण माझ्या अभिमानाचे होते. जन्मभर मी शिकवण्यांच्या विरुद्ध बोलत आले. ‘पुस्तक उघडा, स्वतः वाचा, डोकं चालवा, क्लासच्या कुबड्या कशाला हव्यात?’ हे वाक्य मी दर जूनमध्ये नव्या वर्गाला ऐकवते. मग स्वतःच्या शरीराला शिकवणी लावायची कोणत्या तोंडाने?

तेव्हा एकटीनेच व्यायाम करायचा ठरला. पहिला मान सूर्यनमस्कारांना दिला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, म्हणजे राजेसाहेबांनी, ज्याचा जन्मभर प्रसार केला, तो हा व्यायाम. याला ना यंत्र लागते ना वर्गणी. एक सतरंजी आणि आपण! पहिल्या आठवड्यात मी रोज बारा घातले आणि दिवसभर प्रत्येकाला सांगत सुटले. दुसऱ्या आठवड्यात बाराचे आठ झाले, कारण उत्तरपत्रिका आल्या होत्या. तिसऱ्यात पाहुणे आले. चौथ्या आठवड्यात कारण आले नाही, तर मीच ते शोधून काढले!

एकट्याने व्यायाम करण्यातली खरी मेख येथे आहे, वाचकहो! तेथे विद्यार्थीही आपणच आणि परीक्षकही आपणच. असा परीक्षक फार दयाळू निघतो.

फेब्रुवारीत मी व्हिडिओंकडे वळले. पडद्यावर एक सडपातळ मुलगी हसत हसत वजने उचलत असे. मी तिच्यासमोर उभी राहून तांदळाची पाच किलोची पिशवी उचलू लागे. ती मला दिसत होती. पण मी तिला दिसत नव्हते! हा फरक गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मला कळला. पिशव्या दोन झाल्या होत्या. वाकले, उचलल्या, आणि कमरेत अशी कळ आली की पिशव्या गेल्या एकीकडे आणि मी एकीकडे. नव्या वर्षाचे स्वागत मी जमिनीवर उताणी पडून केले. गुढी कन्येने उभारली. मी तिचा फक्त तांब्या पाहिला, तोही खालून.

आठ दिवस ह्यांनी माझ्या पायांत मोजे चढवले. ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि बोलले असते तर बरे, असे मला वाटत राहिले.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासले. मोडतोड काही नव्हती. स्नायू दुखावला होता. सुदैव! “विश्रांती फार नको,” ते म्हणाले. “चार-सहा दिवसांनी हिंडाफिरायला लागा, आणि महिन्याभराने पुन्हा व्यायाम सुरू करा. पण आता कुणाकडून तरी शिकून घ्या.”

एप्रिलअखेर मी घराजवळच्या एका जिममध्ये चौकशीला गेले. तिथला तरुण दंडांनी भरदार होता. पण त्याचे डोळे मोबाइलला चिकटलेले. माझ्या पाठीचे मी सांगू लागले, तर तो म्हणाला, “होऊन जाईल, मॅडम.” काय होऊन जाईल, ते त्याने सांगितले नाही. मात्र पावडरच्या एका डब्याची किंमत न विचारता सांगितली. मी उठले. दाराशी येते, तोच मागून हाक आली, “मॅडम, तुम्ही?”

पाहते तो पंचविशीची एक मुलगी. केस घट्ट बांधलेले, पायांत धावण्याचे बूट. “ओळखलं नाहीत ना? मी तुमच्या एस.वाय.च्या वर्गात होते. शेवटच्या बाकावर.” ती तेथेच स्वतंत्रपणे शिकवीत होती. मला काही आठवले नाही. आमच्या वर्गात तेव्हा १२० मुले असत. शेवटचे बाक म्हणजे क्षितिज!

महिन्याला १२ तास, तीन महिने, असे ठरले. ह्यांनी २२,५०० हा आकडा मनात धरला. पण मोज्यांची आठवण ताजी होती, म्हणून बोलून दाखवला नाही.

पहिल्या दिवशी मी नव्या कोऱ्या बुटांत दाखल झाले आणि वजनांच्या मांडणीकडे निघाले. तिने मला खुर्ची दिली. अर्धा तास ती नुसते विचारत होती. रक्तदाब किती? औषधे कोणती? बाळंतपण कसे झाले? झोप किती? गुडघे कुरकुरतात का? दिवसातून किती तास उभ्या असता? सगळे तिने वहीत लिहून घेतले. मग कोपऱ्यातली पाण्याची बादली दाखवून म्हणाली, “मॅडम, रोज घरी उचलता तशी ही उचला.”

मी उचलली.

“ठेवा. आता तुमची पाठ कशी होती, सांगा बरं?”

मला सांगता येईना. ती म्हणाली, “तुम्हाला दिसत नाही. मला दिसते. एवढंच माझं काम.”

मग तिने एक लांब दांडा आणला. आपल्या झाडूचा असतो तसाच. तो माझ्या पाठीवर उभा धरला. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, या तीन ठिकाणी दांडा टेकला पाहिजे. आता कमरेतून वाका. गुडघे किंचित सैल, बसायला खुर्ची शोधतो तसे मागे सरका. पण तिन्हीपैकी एकही जागा दांड्यापासून सुटता कामा नये. वाचकहो, दिसायला हे किती सोपे! पहिल्याच प्रयत्नाला माझे माकडहाड सुटले, दुसऱ्याला डोके. पूर्ण दोन आठवडे मी रिकाम्या हातांनी फक्त वाकायला शिकत होते. ४६ वर्षांत मी किती बादल्या, किती पिठाचे डबे, किती गाद्या, आणि लहानपणी ह्याच कन्येला किती वेळा उचलले असेल! ते सगळे चुकीचे उचलले होते.

त्या रात्री मला कोल्हापूरची आमची तालीम आठवली. आमचे आबा दादाला पहाटे तालमीत नेत. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या त्या तांबड्या मातीचा वास दादाच्या अंगाला दिवसभर येई. वस्ताद फी घेत नसत. गुरुपौर्णिमेला नारळ, बस्स. पण पोरगा कसा उभा राहतो, कसा वाकतो, श्वास कधी सोडतो, याकडे त्यांची ससाण्यासारखी नजर. म्हणजे पर्सनल ट्रेनर हे काही साहेबाचे खूळ नव्हे. आमच्या गल्लीत तो धोतर नेसून बसलेला असे! फक्त तो मुलग्यांसाठी होता. आई दादाचे दूध घेऊन तालमीच्या दाराशी उभी राही. तो उंबरठा बायकांनी ओलांडायचा नव्हता. मी एकदा आबांना विचारले होते, “मी येऊ?” आबा हसून म्हणाले, “तुला कशाला गं? घरात केर-पाणी आहे की. बायकांचा तोच व्यायाम.” ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती आली ती २००४ साली, अथेन्सला. तोवर माझे लग्न होऊन मी ठाण्यात बादल्या उचलत होते.

पण आबांची दुसरी एक गोष्टही मला आठवली. खाशाबा जाधव हे आमच्या घरातले दैवत. १९४८ साली ते लंडनला खेळले. जन्म मातीत गेलेला, आणि तेथे मॅट. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने त्यांना तयार केले, ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आबा जेवताना सांगत, की तेथे एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या कुस्तीला उभे केले. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता म्हणतात. पण तो मागायला आपला कुणी अधिकारी तेथे हजर नव्हता. मग आबांचा घास हातातच राही. “डाव सांगायला कोण नको होतं त्यांना. नुसतं ‘थांबा’ म्हणणारं माणूस पायजे होतं.”

हे ‘थांबा’ मला दुसऱ्या महिन्यात ऐकायला मिळाले. अंगात जोर आला होता. दहा किलोचे पंधरा करावेत, अशी मला खुमखुमी. ती म्हणाली, “नाही मॅडम. आज तुमचा उजवा खांदा वर येतोय. रात्री झोपला नाहीत ना?” खरेच झोपले नव्हते, उत्तरपत्रिका! मला वाटत होते, पैसे घेणारा माणूस आपल्याला ढकलतो. ही मला मागे ओढत होती. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात ते दुखणे निराळे, आणि सांध्यात सुईसारखी कळ येते ते निराळे; पहिल्याला भ्यायचे नाही, आणि दुसऱ्याला दडपायचे नाही, हेही तिनेच शिकवले.

एके दिवशी पाणी पिताना मी विचारले, “अगं, तू माझ्या वर्गात होतीस, तर मला आठवत कशी नाहीस?”

“झोपायचे ना मी!” ती हसून म्हणाली. “तुम्ही एकदा उभं केलं होतं. म्हणालात, झोपायचं तर घरी झोपा.”

“मग का झोपायचीस?”

“पहाटे पाचला कबड्डीचा सराव असायचा, मॅडम. तिथून सरळ कॉलेज.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती लगेच माझ्या पुढच्या फेरीची तयारी करू लागली. मी मात्र बादलीशेजारी उभी होते. ही मुलगी पहिल्या दिवशी मला विचारते, झोप किती घेता? आणि मी एक वर्षभर तिला झोपलेली पाहिली, पण तो प्रश्न मला एकदाही सुचला नाही! १२० मुलांत प्रत्येकाला कसे विचारणार, हे खरेच. परंतु मी निदान त्या एकीला उभे केलेच होते. मग उभे केल्यावर विचारायला काय झाले होते?

जुलैच्या शेवटी तीन महिने संपले. मी चौथ्याचे पैसे काढले. तिने परत केले. “आता गरज नाही, मॅडम. वहीत सगळं लिहून दिलंय. दोन दिवस वजनं, बाकी दिवस चालणं. महिन्यातून एकदा या, पाठ दाखवून जा.” पाठ दाखवणे या वाक्प्रचाराचा हा नवा अर्थ मी कोशात भर घालण्यासाठी टिपून ठेवला आहे.

तेव्हा, शिकवणी की स्वाध्याय? वाचकांपैकी पुष्कळजण याच पेचात असतील, म्हणून माझ्यापुरता निवाडा सांगते. चालायला शिकवणी लागत नाही. त्यासाठी पैसे खर्चू नका. वजन उचलायचे असेल, पाठ-गुडघे दुखावलेले असतील, किंवा मोठ्या आजारातून उठला असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग काही दिवस तरी जाणत्या माणसाच्या नजरेखाली राहा. पैशांची ओढ असेल, तर दोघी मैत्रिणी मिळून एक तास घ्या. माणूस निवडताना त्याचे दंड पाहू नका. त्याचे डोळे कुठे आहेत ते पाहा. पहिल्या दिवशी तो तुम्हाला प्रश्न विचारतो की डबे विकतो? वहीत लिहितो का? आणि ‘पुढे तुम्हाला माझी गरज लागणार नाही’ असे म्हणायची त्याची तयारी आहे का? ती नसेल, तर ती शिकवणी नव्हे. ते वर्गणी गोळा करणे झाले.

बाकी, पहाटे अंथरुणातून उठण्याचे काम मात्र कोणताही वस्ताद आपल्यासाठी करत नाही. ऑगस्टपासून मी एकटीच व्यायाम करते. परीक्षक अजूनही दयाळू आहे. गेल्या महिन्यात चार वेळा त्याने मला सूट दिली. परवाच्या तपासणीत आकडा ५.८ आला. म्हणजे उंबरठा अजून पायाखालीच आहे, पण तोंड अंगणाकडे वळले आहे.

गणपतीला आई कोल्हापूरहून आली. ती आता ७४ वर्षांची आहे आणि कमरेत पार वाकली आहे. एका सकाळी मी स्वयंपाकघरात झाडूचा दांडा पाठीशी धरून वाकत होते. आई दारात उभी राहून बघत होती. मला वाटले, हसेल.

ती म्हणाली, “वस्ताद तुझ्या दादाला हेच सांगायचे. कमरेतनं वाक, पाठीतनं नको. रोज ऐकायची मी, दूध घेऊन उभी असायची तेव्हा.”

“मग, आई, तू कधी असं...?”

“मला कुठं सांगत होते ते?” आई म्हणाली. “ते पोरांना सांगायचे.”

आणि मग जरा थांबून, हात पुढे करून म्हणाली, “बघू, आण तो दांडा इकडं. माझा कुठं कुठं टेकतोय, बघ.”

मी तो तिच्या पाठीवर धरला. तो एकाच ठिकाणी टेकला. मी तो तसाच धरून ठेवला, आणि आई भिंतीला एक हात लावून, हळूहळू, जमेल तेवढी सरळ होऊ लागली.